नब्ज आणि सूक्ष्मदर्शक: मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान

हकिमांकडे जावं की डॉक्टरांकडे? आपल्या अनेक घरांत हा वाद आजही होतो. शंभर वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका हकिमांनी या प्रश्नासाठी निम्मं आयुष्य वेचलं. ते होते हकीम अजमल खान.

त्यांचा जन्म १८६८ चा, दिल्लीतल्या बल्लीमारानच्या शरीफ मंझिलमधला. घराणं मुघल काळापासून हकिमांचं. लहानपणीच ते हाफिज-ए-कुरआन झाले आणि तिब्ब, म्हणजेच युनानी वैद्यक, घरातच शिकले. १८९२ पासून सुमारे दहा वर्षं ते रामपूरच्या नवाबांचे हकीम होते. थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा-ए-तिब्बिया सुरू केला होता. दोन्ही थोरले भाऊ गेल्यावर त्याची जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली.

तो काळ देशी वैद्यकासाठी कठीण होता. मुंबई प्रांतात १९१२ मध्ये वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. वैद्य आणि हकिमांना त्या नोंदणीत जागा नव्हती. शिवाय एखाद्या नोंदणीकृत डॉक्टरने त्यांच्यासोबत काम केलं, तर त्याचीच नोंदणी जाण्याची धास्ती! हकीमसाहेबांनी १९१० मध्येच वैद्य आणि हकिमांची अखिल भारतीय परिषद उभी केली होती. या व्यासपीठावरून अशा कायद्यांना विरोध झाला. हिंदू वैद्य आणि मुस्लिम हकीम एकाच मंचावर आले, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

पण हकीमसाहेब नुसते विरोध करून थांबले नाहीत. आपल्या विद्येत काय कमी आहे, हेही त्यांना दिसत होतं. १९११ मध्ये ते युरोपला गेले, तिथली रुग्णालयं पाहिली. लंडनमध्ये त्यांची डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी गाठ पडली आणि आयुष्यभराची दोस्ती जमली. तिथला एक किस्सा आजही सांगतात. एका रुग्णाच्या निदानावरून हकीमसाहेब आणि इंग्रज सर्जन यांचं मत वेगळं पडलं. ऑपरेशन झालं तेव्हा हकीमसाहेबांचं निदान बरोबर ठरलं. तरीही ते परतले ते पाश्चात्त्य वैद्यकाला हिणवत नाही, तर त्यातलं चांगलं घ्यायचं ठरवून.

दिल्लीच्या करोलबागेत आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज उभं राहिलं. पायाभरणी १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी केली, उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींनी. इथे तिब्ब आणि आयुर्वेदासोबत शरीररचना आणि शस्त्रक्रियाही शिकवली जाऊ लागली. याआधी १९०९ मध्येच त्यांनी स्त्रियांसाठी वेगळी तिब्बी शाळा सुरू केली होती. पैसा कुठून आला? त्यांच्या हिंदुस्तानी दवाखान्याची कमाई त्यांनी कॉलेजला देऊन टाकली.

सरकारने दिलेला हाजिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी १९२० मध्ये परत केला. मग लोकांनीच त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटलं. १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. जामिया मिलिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती होते. २९ डिसेंबर १९२७ रोजी त्यांचं निधन झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. देशी औषधं प्रयोगशाळेत तपासली जावीत, ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुण रसायनशास्त्रज्ञाला तिब्बिया कॉलेजात आणलं. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधाच्या मुळीतून एक द्रव्य वेगळं केलं आणि आपल्या आश्रयदात्याच्या स्मरणार्थ त्याला ‘अजमलीन’ नाव दिलं. आज हेच औषध युरोपातल्या रुग्णालयांत हृदयाच्या ठोक्यांमधला ब्रुगाडा नावाचा छुपा दोष शोधायला वापरतात. म्हणजे हकिमांच्या नावाचं औषध आज डॉक्टरांच्या हातात आहे!

मात्र त्या मुळीपासून त्या इंजेक्शनपर्यंतचा रस्ता तपासणीतूनच गेला. घरी कुणी चालू असलेल्या गोळ्या बंद करून परस्पर काढा सुरू करत असेल, तर त्यांना हकीमसाहेबांची ही गोष्ट जरूर सांगा. इलाज कुठलाही असो, तो तपासून घ्यायला ते कधी कचरले नाहीत.