विचारायला विलायतेला गेलेले दादासाहेब फाळके



सिनेमाची कथा लिहिली तर ती दाखवायची कोणाला, असे आपल्या शाळेतील काही मुले विचारू लागली आहेत. रामाकोन्याहून मुंबई दूर, ओळख कोणाची नाही. प्रश्न खरा आहे. पण संपूर्ण देशात विचारण्याजोगे माणूस मिळणे कठीण होते, त्या काळात एका मराठी गृहस्थाने काय केले ते या अंकात सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे फोटोग्राफी केली, छापखाना चालवला. चाळिशीच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या राम-कृष्णांनाही असेच पडद्यावर आणायचे, हे त्यांनी ठरवून टाकले. मग रोज सिनेमे पाहणे, रात्री जागून प्रयोग करणे सुरू झाले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. उपचाराने दृष्टी परत आली.

विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथेही ओळख नव्हती. फक्त बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते, म्हणून सरळ त्याच्या कचेरीत गेले. संपादक कॅबोर्न यांनी आधी नकारच दिला. इंग्लंडमधलेच निर्माते बुडत आहेत आणि हिंदुस्थानची हवा या कामाला मानवणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सल्ला प्रामाणिक होता. तरी फाळके हटले नाहीत, तेव्हा याच संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेले. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील स्टुडिओचे सर्व विभाग उघडून दाखवले. कुठे थांबावे आणि कुठे थांबू नये, हे फाळक्यांना नेमके कळत होते असे मला वाटते. विल्यमसन कॅमेरा घेऊन एप्रिलमध्ये ते परतले.

आता भांडवल हवे. नुसते बोलून पैसा कोण देणार? त्यांनी एका रोपाच्या वाढीचे थोडे-थोडे चित्रण करून छोटी फिल्म तयार केली व ती सावकाराला दाखवली. पडद्यावर अंकुर वाढताना पाहून त्याने कर्ज दिले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. या बाई रात्री फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि शिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत. आपल्या पुस्तकांत त्यांच्यावर दोन ओळीसुद्धा नसतात, हे मला खटकते.

तारामतीच्या कामाला कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलातील अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. रोहिदास झाला स्वतःचा मुलगा भालचंद्र. ३७०० फुटांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. (दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक १९१२ मध्येच आला होता, पण तो नाटकाचे चित्रण होता व कॅमेरामन परदेशी होता.)

१९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले. महायुद्ध पेटले आणि भांडवलदार मागे सरले. १९१७ च्या लंकादहनने भरपूर पैसा दिला, पण १९१८ मध्ये निघालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी खर्चावरून पटले नाही व ते काशीला निघून गेले. कॅमेऱ्याचे ज्ञान त्यांनी समुद्र ओलांडून मिळवले, व्यवहाराचे मात्र तसे कोणाला विचारलेले दिसत नाही. पुढे परत येऊन काम केले. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

आज पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात आणि मुंबईत पटकथालेखकांच्या संघटनेत सभासदाला आपल्या कथेची नोंद करता येते. ज्या मुलांनी काही लिहिले आहे, त्यांनी वही आधी आपल्या मराठी किंवा हिंदीच्या गुरुजींना दाखवावी.