गुरांचा डॉक्टर, टायरचा जनक

बाइकला जाड टायर टाकला की लुक येतो. वर्धा असो की हिंगणघाट, कॉलेजच्या गेटवर कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळेल. पण हवेचा टायर ज्याने खऱ्या अर्थाने रस्त्यावर आणला, त्याच्यासमोरही पहिली अडचण हीच होती : एवढा जाड टायर गाडीत बसवायचा कसा? गंमत म्हणजे तो माणूस इंजिनिअर नव्हता, मेकॅनिकही नव्हता. तो गुरांचा डॉक्टर होता. त्याचं नाव जॉन बॉयड डनलॉप.

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावातला. घर शेतकऱ्याचं. पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन तो १८६७ मध्ये आयर्लंडला गेला आणि बेलफास्टमध्ये त्याचा जम चांगलाच बसला. आपल्या आर्वी-कारंजाकडे गवळाऊ बैल, तशी तिकडे घोड्यांची चलती. मालाची ने-आण सगळी घोड्यांवर. उपचारासाठी लागणाऱ्या काही रबरी वस्तू डनलॉप स्वतःच बनवायचा, त्यामुळे रबराला त्याचा हात सरावलेला होता.

१८८७ मध्ये त्याचा लहान मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवत होता. रस्ते दगडी, चाकांवर भरीव रबर. आपल्या बंडीच्या लोखंडी धावेवर बसून खडीच्या रस्त्याने गेलेल्याला ते हादरे सांगायला नको! डनलॉपने रबराच्या पातळ पत्र्याची नळी केली, ती एका लाकडी चकतीभोवती कापडाने बांधली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग सायकलचं जुनं चाक आणि हे नवं चाक, दोन्ही अंगणात ढकलून दिली. जुनं अर्ध्यातच पडलं. नवं मात्र थेट पलीकडच्या फाटकाच्या खांबावर आदळून उलटं फिरलं. ७ डिसेंबर १८८८ ला त्याला पेटंट मिळालं.

आता खरी कसरत सुरू झाली. नवा टायर जाड आणि जुन्या सायकलींचा चिमटा अरुंद, त्यात तो जाईना. शेवटी बेलफास्टच्या एडलिन कंपनीने या टायरसाठी वेगळ्या सायकली बनवल्या. अशाच एका सायकलवर विली ह्यूम मे १८८९ मध्ये क्वीन्स कॉलेजच्या मैदानात उतरला. जाड टायर बघून लोक हसले, पण शर्यती त्यानेच मारल्या. ते पाहून डब्लिनचा व्यापारी हार्वे ड्यू क्रो पुढे आला आणि कंपनी उभी राहिली.

आणि मग दणका बसला. १८९० मध्ये कळलं, की रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्येच घेऊन ठेवलं होतं. थॉमसनचा टायर चालला नाही, लोक विसरून गेले, पण कागद होता. डनलॉपचं पेटंट निकामी झालं. कंपनी तरली ती दुसऱ्याच एका शोधामुळे. डनलॉपचा टायर रिमला चिकटवून कापडाने गुंडाळलेला असायचा, पंक्चर काढायचं म्हणजे तासन्‌तास खोळंबा. चार्ल्स वेल्चने १८९० मध्ये टायरच्या काठात न ताणणारी तार घातली आणि ती बसेल अशी खोलगट रिम केली. कंपनीने ते पेटंट विकत घेतलं.

आजच्या टायरवरचा शेवटचा आकडा याच काठाच्या मापाचा आहे. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. १८ ची रिम असेल तर १७ चा टायर बसणारच नाही. पण १७ वर १७ चा कोणताही चालतो, हा समजही चुकीचा. १००/९० काढून १४०/७० टाकला तर चाकाचा व्यास सुमारे १६ मिलिमीटरने वाढतो. अरुंद रिमवर टायर आवळला जातो, त्याचा मधला भाग फुगतो आणि रस्त्यावरची पकड बिघडते. वरून चेन किंवा मडगार्डला घासायची भीती. मापापुढे ५५पी असेल, तर टायर २१८ किलो वजन आणि ताशी १५० किलोमीटर वेग झेलतो. गाडीवर ट्रिपल सीट बसताना हा आकडा आठवा.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली, पण त्या पैशाचा धनी तो नव्हता. नाव मात्र त्याचंच राहिलं. १९३६ मध्ये ते बंगालमधल्या साहागंजच्या कारखान्यावरही लागलं. २३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिनमध्ये तो गेला, तेव्हा मोठा श्रीमंत नव्हता.

पोराला हादरे बसू नयेत, एवढ्यासाठी त्याने हा खटाटोप सुरू केला होता. त्यामुळे पुढचा टायर घेताना दुकानदाराला लुक विचारण्याआधी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडा. त्यात लिहिलेलं माप आणि टायरवरचं माप जुळतंय का, एवढं बघा. मग खुशाल पैसे द्या.