आकड्यांचा नाद लागलेले गुरुजी

मुलांनो, एकाच गोष्टीत रात्रंदिवस रमणाऱ्या माणसाला लोक खुळा म्हणतात. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत असेच एक मास्तर होते, दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून, पण ज्योतिषाची आवड. त्यामुळे घरात सारखी आकडेमोड चालायची. पोराला तिथंच आकड्यांची गोडी लागली. ठाण्याच्या शाळेत असताना तो तासन् तास कोडी सोडवीत बसे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९२७ साली त्यांना गणिताचे रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीला शिक्षकी केली.

शाळा सुटली की पुन्हा आकडेच. ४५ चा वर्ग २०२५; आता २० आणि २५ मिळवा, पुन्हा ४५! असल्या संख्या ते हुडकून काढायचे.

त्यांची मोठी गंमत ऐका. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि वजाबाकी करायची. उत्तराचं पुन्हा तसंच. गुरुजींचं जन्मसाल १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. त्यापुढे कितीही करा, ६१७४ च! कुठलीही संख्या घेतली तरी सात खेपांच्या आत किंवा सातव्या खेपेला हेच येतं. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. सगळं हातानं केलेलं, बरं का.

पण मोठी पदवी नाही, म्हणून पुष्कळ विद्वानांनी हा पोरखेळच मानला. गुरुजींनी आपली पुस्तकं स्वतः छापली. निवृत्तीनंतर पैसा पुरेना, तेव्हा शिकवण्या केल्या. आकडे काही सोडले नाहीत.

काही मुलं स्वमग्न असतात, डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. त्यांतल्या पुष्कळांचं मन एकाच विषयात असं खोल बुडतं. कुणी जोतिबाच्या एस.टी.च्या वेळा पाठ करील, कुणी चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्यांखेरीज दुसरं बोलणारच नाही. तो हट्ट नव्हे, त्यात त्यांच्या मनाला स्वस्थता मिळते. कापरेकर गुरुजी स्वमग्न होते असं कुणा डॉक्टरनं सांगितलेलं नाही, तेव्हा आपणही म्हणायचं नाही. नाद मात्र तसाच होता, आणि त्या नादाला हसणारेही तसेच होते.

१९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लेखात गुरुजींच्या आकड्यांविषयी लिहिलं, मग जगभर नाव झालं. तोवर गुरुजींनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली ते वारले. ६१७४ ला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात.

पाटीवर करून बघा. मध्येच उत्तर तीन अंकी आलं, तर पुढं शून्य धरायला विसरू नका.