वाळीत टाकलेल्या शेतावरचे पहिले घरकुल

गरजू कुटुंबाने आणि स्वयंसेवकांनी खांद्याला खांदा लावून घर बांधायचे, त्या घरावर नफा घ्यायचा नाही, कर्जावर व्याज लावायचे नाही आणि हप्त्यांतून परत आलेल्या पैशांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे करायचे, ही पद्धत गेल्या अर्धशतकात अनेक देशांत रुजली. ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने ती जगभर नेली. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ येऊन विटा रचू लागले, तेव्हा महाराष्ट्रालाही या कामाची ओळख झाली. कार्टर यांचे छायाचित्र त्या वेळी सर्वत्र झळकले. परंतु ज्या माणसाच्या शेतावर या कल्पनेचा जन्म झाला, त्याचे नाव फारसे कोणाच्या कानावर आले नाही. क्लॅरेन्स जॉर्डन हे ते नाव. या पद्धतीचे पहिले घर बांधून पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी जगाचा निरोप घेतला होता.

जॉर्डन यांचा जन्म २९ जुलै १९१२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील टॅलबटन या गावी झाला. दहा भावंडांतले ते सातवे. घरची स्थिती सुखवस्तू होती आणि गावात कुटुंबाला मान होता. घरापासून हाकेच्या अंतरावर परगण्याचा तुरुंग होता. साखळदंडांनी बांधलेले कृष्णवर्णीय कैदी तेथे ठेवलेले असत. चर्चमध्ये ज्या तुरुंगाधिकाऱ्याला क्लॅरेन्स यांनी तल्लीन होऊन भक्तिगीत गाताना पाहिले होते, तोच अधिकारी त्या रात्री एका कैद्याचा छळ करीत असल्याचे त्या कैद्याच्या आक्रोशावरून त्यांना उमगले. प्रार्थना आणि आचरण यांतील ही दरी त्या किशोराच्या मनात कायमची राहिली.

गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शास्त्रशुद्ध शेती शिकवावी, या हेतूने त्यांनी जॉर्जिया विद्यापीठातून १९३३ मध्ये कृषिविज्ञानाची पदवी घेतली. विद्यार्थिदशेत त्यांनी लष्करी प्रशिक्षण घेतले होते आणि घोडदळातील अधिकारपद समोर होते. मात्र शत्रूवरही प्रेम करण्याची ख्रिस्ताची शिकवण आणि हातातील तलवार यांचा मेळ बसत नाही, असे वाटून त्यांनी ते पद सोडले. माणसाची भूक केवळ पोटाची नसते, या विचाराने ते केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात दाखल झाले आणि ‘नव्या करारा’च्या मूळ ग्रीक भाषेत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तेथेच भेटलेल्या फ्लोरेन्स क्रोगर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील सर्व संकटांत त्या त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

१९४२ मध्ये जॉर्डन दांपत्याने, ब्रह्मदेशात धर्मप्रसारक म्हणून काम करून परतलेल्या मार्टिन आणि मेबल इंग्लंड या दांपत्यासह, जॉर्जियातील अमेरिकस या शहराजवळ ४४० एकर जमीन घेतली. झिजलेली, झाडझाडोरा नसलेली ती जमीन होती. तिला त्यांनी ‘कोइनोनिया’ असे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सहभाव, सहजीवन. जे काही असेल ते सर्वांचे, कोणताही प्रश्न हिंसेने सोडवायचा नाही आणि गोरा-काळा असा भेद पाळायचा नाही, ही या शेताची तत्त्वे होती.

जॉर्डन यांनी तेथे कोंबडीपालन सुरू केले आणि आसपासच्या शेतकऱ्यांनाही ते शिकवले. ज्या घरात मुलांना दूध मिळत नसे, त्या घराला कोइनोनियातून दुभती गाय नेता येई. ती आटली की परत आणून द्यायची आणि दुसरी न्यायची. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तशी ही व्यवस्था होती आणि तिला गायींचे ग्रंथालय असेच म्हटले जाई. गावाला हे सारे चालण्यासारखे होते. खटकत होती ती एकच गोष्ट. या शेतावर गोरे आणि कृष्णवर्णीय एका मेजावर बसून जेवत. वर्णभेद कायद्याने पोसलेल्या त्या प्रदेशात हे सहभोजन म्हणजे बंडच होते.

पहिला उघड खटका उडाला तो एका भारतीयामुळे. १९५० मध्ये शेतीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेत आलेला एक भारतीय विद्यार्थी कोइनोनियात पाहुणा म्हणून आला होता. त्याला ख्रिस्ती उपासना पाहायची होती, म्हणून जॉर्डन यांच्या मंडळींनी त्याला जवळच्या रेहोबोथ बॅप्टिस्ट चर्चमध्ये नेले. पाहुण्याचा सावळा वर्ण पाहून उपासकांत चुळबुळ सुरू झाली. कोइनोनियाने मुद्दाम कृष्णवर्णीयाला मंदिरात आणले, असा बोभाटा झाला. त्याच वर्षी चर्चच्या सभेत ठराव होऊन कोइनोनियाच्या सदस्यांची नावे सभासदयादीतून कमी करण्यात आली. धर्मशास्त्राचा गाढा पंडित आपल्याच धर्मबांधवांकडून बहिष्कृत झाला.

खरी परीक्षा १९५६ मध्ये सुरू झाली. अटलांटा येथील एका सरकारी महाविद्यालयात तोवर केवळ गोऱ्यांनाच प्रवेश असे. तेथे अर्ज करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना माजी विद्यार्थ्यांच्या शिफारशीची गरज होती. जॉर्डन यांनी ती देण्याची तयारी दाखवली. तांत्रिक कारणावरून त्यांची शिफारस ग्राह्य धरली गेली नाही. पण बातमी अमेरिकसमध्ये पोचली आणि कोइनोनियाला वाळीत टाकण्यात आले. दुकानदार बी-बियाणे, खत आणि कोंबड्यांचे खाद्य विकेनात. इंधन मिळेना, बँक कर्ज देईना, विमा कंपन्यांनी विमे रद्द केले. अंड्यांना गिऱ्हाईक उरले नाही आणि हजारो कोंबड्यांचा व्यवसाय बुडाला. हमरस्त्यावरचे कोइनोनियाचे विक्रीकेंद्र सुरुंगाने उडवण्यात आले. ते दुरुस्त केले, तर पुन्हा उडवण्यात आले. रात्री भरधाव मोटारींतून घरांवर गोळ्या झाडल्या जात. कू क्लक्स क्लानच्या मोटारींचा ताफा शेतावर येऊन गेला. कॅथलिक समाजसेविका डोरोथी डे १९५७ मध्ये सोबतीसाठी येथे आल्या, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्यांच्याही मोटारीवर गोळीबार झाला. कोइनोनियाला माल विकणाऱ्या अमेरिकसमधील एका दुकानासमोर स्फोट झाल्यावर गावातील प्रतिष्ठितांचे शिष्टमंडळ जॉर्डन यांना भेटले. त्यांनी गुन्हेगार शोधण्याचे आश्वासन दिले नाही. शांतता हवी असेल, तर तुम्हीच शेत विकून जा, अशी गळ घातली.

जॉर्डन गेले नाहीत. त्यांनी शस्त्रही उचलले नाही. परंतु या दिवसांतील एक घाव घरातूनच बसला. त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट हे वकील होते. कोइनोनियाची न्यायालयीन बाजू मांडावी, अशी विनंती क्लॅरेन्स यांनी त्यांना केली. सार्वजनिक जीवनातील आपले भवितव्य त्यामुळे धोक्यात येईल, म्हणून रॉबर्ट यांनी नकार दिला. पुढे ते जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

स्थानिक बाजारपेठ बंद झाल्यावर जॉर्डन यांनी टपालाचा आधार घेतला. टपालखाते संघराज्य सरकारचे असल्याने गावाला ते अडवता येणार नव्हते. शेतातील पिकान हा अक्रोडासारखा सुकामेवा टपालाने देशभर विकण्यास सुरुवात झाली. दूरदूरच्या सहानुभूतिदारांनी माल मागवला, विम्याची जोखीम आपसांत वाटून घेतली आणि शेत कसेबसे तगले. माणसे मात्र टिकली नाहीत. बहिष्कारापूर्वी साठेक जणांची असलेली ही वसाहत १९६८ पर्यंत दोन कुटुंबांवर आली.

याच काळात शेतातील एका छोट्या खोपटात बसून जॉर्डन ‘नव्या करारा’चे भाषांतर करीत होते. मूळ ग्रीकवरून केलेले हे रूपांतर त्यांनी थेट कापूस पिकवणाऱ्या जॉर्जियाच्या बोलीत आणि भूगोलात आणले. त्यात जेरुसलेमच्या जागी अटलांटा आले आणि येशूचा जन्म जॉर्जियातील गेन्सव्हिल गावी झाला. क्रूसावरच्या मृत्यूसाठी त्यांनी जमावाकडून होणाऱ्या हत्येचा, दक्षिणेतील प्रत्येकाला ठाऊक असलेला शब्द वापरला. ‘कॉटन पॅच’ या नावाने ही पुस्तके १९६८ पासून प्रसिद्ध होऊ लागली. नागरी हक्कांच्या चळवळीशी त्यांचे नाते मात्र गुंतागुंतीचे होते. मोर्चे आणि धरणी यांपेक्षा प्रत्यक्ष जगून दाखवण्यावर त्यांचा विश्वास होता. बहिष्काराचे चटके सोसलेले असल्याने, न्याय्य कारणासाठी केलेला बहिष्कारही त्यांना रुचत नसे. ही भूमिका चळवळीतील अनेकांना पटली नाही.

कोइनोनिया बंद करावे की काय, या विचारात असलेल्या जॉर्डन यांना नवी दिशा मिळाली ती मिलर्ड फुलर या तरुणामुळे. अलाबामातील हा वकील तिशीपूर्वीच व्यवसायातून लक्षाधीश झाला होता. पैशाच्या मागे धावताना संसार मोडण्याची वेळ आली, तेव्हा पत्नी लिंडासह त्याने सर्व संपत्ती देऊन टाकण्याचे ठरवले. १९६५ च्या अखेरीस हे दांपत्य एका मित्राला भेटायला काही तासांसाठी म्हणून कोइनोनियात आले आणि महिनाभर राहिले. १९६८ मध्ये फुलर पुन्हा आले. दोघांच्या चर्चेतून भागीदारीची शेती, भागीदारीचे उद्योग आणि भागीदारीची घरे अशी योजना आकाराला आली.

यांतील घरांची योजना सर्वांत दूरगामी ठरली. सभोवतालची कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबत आणि मालकाने दिलेल्या, नळ व शौचकूप नसलेल्या झोपड्यांत राहत. बँका त्यांना दारात उभे करीत नसत. जॉर्डन यांचे म्हणणे असे होते की, या माणसांना दान नको आहे. त्यांना भांडवल आणि बरोबरीने काम करणारे सोबती हवे आहेत. दान घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याचा अहंकार वाढतो. म्हणून त्यांनी एक सामाईक निधी उभारण्याचे ठरवले. देणग्या आणि बिनव्याजी ठेवी यांतून त्यात पैसे जमायचे. गरिबाकडून व्याज घेऊ नये, हा बायबलच्या ‘जुन्या करारा’तील दंडक त्यांनी शब्दशः पाळायचा ठरवला. कोइनोनियाच्या जमिनीवर अर्ध्या अर्ध्या एकराचे ४२ भूखंड आखण्यात आले. घर सिमेंटच्या ठोकळ्यांचे, पक्के, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले. किंमत सुमारे सहा हजार डॉलर, फेड २० वर्षांत. व्याज नसल्याने महिन्याचा हप्ता पंचवीस डॉलरच्या आसपास येई. शेतमजुराच्या आवाक्यात घर आले ते याच हिशेबामुळे. शिवाय भरलेला प्रत्येक हप्ता निधीत जमा होऊन पुढच्या घराच्या कामी येणार होता. आज घर मिळालेले कुटुंब उद्याच्या कुटुंबाचे दाते ठरणार होते.

१९६९ मध्ये पहिल्या घराचे काम सुरू झाले. भिंती उभ्या राहिल्या, काम अखेरच्या टप्प्यात आले. २९ ऑक्टोबर रोजी लेखनाच्या खोपटात काम करीत असताना जॉर्डन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ५७ होते. मरणानेही बहिष्कार संपला नाही. मृत्यूची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने शेतावर येण्यास नकार दिला आणि फुलर यांना पार्थिव आपल्या मोटारीत घालून गावात न्यावे लागले. साध्या लाकडी खोक्यात, शेतातल्याच टेकडीवर, नावाचा दगड न लावता जॉर्डन यांचे दफन झाले. फुलर यांच्या चिमुकल्या मुलीने त्या वेळी तिला येत असलेले एकच गाणे म्हटले. ते वाढदिवसाचे होते.

घर पूर्ण झाले आणि एक कृष्णवर्णीय कुटुंब तेथे राहायला गेले. त्यामागोमाग इतर घरे उभी राहिली. सारे सुरळीत झाले असे नाही. घरे कृष्णवर्णीय कुटुंबांची आणि निर्णयाची सूत्रे बहुतांशी गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाती, या विसंगतीवर पुढील काळात टीका झाली. फुलर दांपत्याने १९७३ ते १९७६ या काळात तेव्हाच्या झैरे देशातील म्बांडाका येथे हीच पद्धत वापरून पाहिली आणि परतल्यावर १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली. कोइनोनियापासून जवळच असलेल्या प्लेन्स गावचे जिमी कार्टर १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका पडक्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी हातोडा घेऊन उतरले आणि संस्थेचे नाव जगभर झाले. कार्टर अध्यक्ष असताना ‘व्हाइट हाउस’मधील त्यांचे निकटचे सहकारी हॅमिल्टन जॉर्डन हे क्लॅरेन्स यांचे पुतणे होते. लोणावळ्याजवळच्या प्रकल्पात शंभर घरे बांधण्यात आली. देशविदेशांतून आलेल्या स्वयंसेवकांबरोबर त्या घरांत राहणारी कुटुंबेही तेथे राबली. फुलर यांना २००५ मध्ये संचालक मंडळाने संस्थेतून दूर केले. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनाही कोइनोनियाच्याच मातीत विसावा मिळाला.

जॉर्डन यांनी मोठी संस्था उभारली नाही, सत्तेचे पद भूषवले नाही. शेजाऱ्याला उपकाराच्या ओझ्याखाली न दडपता मदत कशी करावी, एवढ्याच प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. आधी दुभत्या गायीच्या आणि अखेरीस बिनव्याजी हप्त्याच्या रूपाने त्यांना त्याचे उत्तर सापडले. दोन्हींत घेणाऱ्याची मान ताठ राहत होती. ज्या परगण्याने त्यांना बियाणे विकण्याचे नाकारले, तिथल्याच भूमिहीनांच्या डोक्यावर त्या उत्तरातून स्वतःचे छप्पर आले.