हुजूर निजामांच्या मोटारी : उभ्या राहिलेल्या आणि धावलेल्या

बीडहून हैदराबाद रस्त्याने चारशे किलोमीटरच्या वर आहे. जाऊन-येऊन आठशे तरी होतात. आपल्याकडच्या कितीतरी घरांनी हा प्रवास केलेला आहे. कुणी दवाखान्यासाठी, कुणी लग्नाच्या खरेदीसाठी, कुणी तालीम घ्यायला, तर कुणी नातेवाइकाच्या मय्यतीला. आता हे ऐका. हैदराबादचे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे एक पिवळी रोल्स-रॉईस होती. तिच्या मीटरवर भरले ते फक्त ३५६ मैल, म्हणजे साधारण ५७३ किलोमीटर. एवढ्या आलिशान गाडीची बीड-हैदराबाद अशी एक खेपसुद्धा पुरी झाली नसती.

निजामांच्या गाड्यांबद्दल मोबाईलवर रोज काही ना काही फिरत असतं. रोल्स-रॉईसवाल्यांनी अपमान केला म्हणून हुजुरांनी त्यांच्या गाड्या कचरा उचलायला लावल्या, हा किस्सा तर आपण सगळ्यांनी पुढे ढकललेला आहे. तोच किस्सा अलवरच्या राजाबद्दलही सांगतात आणि पतियाळाच्या महाराजांबद्दलही. पक्का पुरावा कुणाचाच नाही. म्हणून म्हटलं, ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून या माणसाची आणि त्याच्या मोटारींची खरी हकीकत एकदा नीट सांगावी. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत याच रियासतीत होता. त्यामुळे ही गोष्ट परक्याची नाही, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळाची आहे.

वालिदांनी मागवलेली गाडी

मीर उस्मान अली खान यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ चा, हैदराबादचा. त्यांचे वालिद, सहावे निजाम मीर महबूब अली खान हे मोठे शौकीन. हैदराबादच्या पुरानी हवेलीतलं त्यांचं कपड्यांचं लांबच लांब कपाट आजही लोक बघायला जातात. मोटार तेव्हा नवीनच निघालेली. महबूब अलींनी विलायतेतून एक रोल्स-रॉईस मागवली. पण गाडी येण्याआधीच, २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचा इंतकाल झाला. गादीवर आले पंचविशीतले उस्मान अली. वालिदांनी मागवलेली गाडी उतरवून घेतली ती बेट्याने.

त्या काळी मोटार आजच्यासारखी शोरूममधून तयार मिळत नसे. कंपनी फक्त इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा द्यायची. वरचा भाग, म्हणजे छत, दारं, बैठका, पडदे हे सगळं वेगळे कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे हाताने घडवायचे. हे कारागीर मूळचे घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे. लाकूड वाकवणं, पत्रा ठोकणं, चामडं ताणणं, रंगाचे थरावर थर देऊन घासणं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. लंडनची बार्कर कंपनी या धंद्यातली जुनी आणि नावाजलेली. निजामांच्या गाडीचा सांगाडा रोल्स-रॉईसचा आणि वरची सगळी घडण बार्करची.

हे मॉडेल सहा सिलिंडरचं. लोक त्याला सिल्व्हर घोस्ट म्हणतात. १९०७ मध्ये या जातीची एक गाडी चाचणीसाठी हजारो मैल जवळजवळ अखंड चालवली गेली. १९११ मध्ये दुसरी एक लंडन ते एडिंबरा वरच्या गिअरमध्ये नेली. म्हणजे इंजिन तगडं, लांब पल्ल्याचं. पण हैदराबादसाठी त्याच इंजिनावर बार्करने जे चढवलं, ते पळण्यासाठी नव्हतंच. घुमटासारखं उंच छत, मागच्या बाजूला तख्तासारखी बैठक, सोनेरी सजावट आणि आत रेशमी किनखाब. गाडी कसली, चाकांवरचा दरबारच. मिरवणुकीत हळूहळू चालायची आणि परत कोठीत जाऊन उभी राहायची. ३५६ मैलांचं गणित हे असं आहे.

अशी हौस तेव्हा इतरही संस्थानिकांना होती. इंदूरच्या मराठी राजघराण्यातले यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेच्या ड्युसेनबर्गचा सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून त्यावर शर्यतीच्या गाडीसारखी लांब, खाली बसकी बॉडी घडवून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. होळकरांना वेग हवा होता, निजामांना रुबाब. दोन्ही गाड्या मात्र कारागिराच्या हातच्या. तशीच दुसरी मिळणं मुश्कील.

फाटकी शेरवानी आणि भरलेले गॅरेज

हुजूर निजामांचा स्वभाव म्हणजे एक कोडंच. २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकात अमेरिकेच्या टाइम मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. जेकब हिरा ते टेबलावर कागद दाबायला वापरत, अशी त्यांची ख्याती. आणि हाच माणूस जुनी शेरवानी, विटलेली टोपी घालायचा आणि स्वस्तातली चारमिनार सिगारेट ओढायचा. चौमहल्ल्यासारखा राजवाडा असताना राहायचा किंग कोठीत. गाड्यांचा ताफा एवढा मोठा, पण रोजच्या फेरीला म्हणे एक जुनी फोर्ड पुरायची.

मग एवढ्या मोटारी जमल्या कशा? काही विकत घेतलेल्या, काही नजराण्यात आलेल्या. दरबारात हुजुरांना अशरफी पेश करायची रीतच होती. शहरात कुणाची गाडी हुजुरांच्या नजरेत भरली की तिच्या मालकाने ती गुपचूप कोठीवर पाठवून द्यायची, असंही हैदराबादेत सांगतात. त्यात खरं किती आणि तिखट-मीठ किती, हे सांगणं कठीण. पण जमवायचं आणि सोडायचं नाही, ही त्यांची सवय सगळ्याच लिहिणाऱ्यांनी नोंदवली आहे.

पैसा कुठून यायचा, तेही आपण विसरू नये. रियासतीच्या सरकारी मुलखाशिवाय सर्फे-खास नावाची निजामांची स्वतःची जमीन होती. तिचं उत्पन्न थेट त्यांच्या खासगी खजिन्यात जायचं. मराठवाड्यातला मोठा भागही त्यात मोडायचा. बार्करच्या कारागिराला मिळालेल्या मजुरीमागे कुठल्यातरी शेतकऱ्याची ज्वारी आणि कापूस होता. तो शेतकरी हिंदू असेल, मुसलमान असेल. घाम दोघांचा सारखाच.

सत्तावीस बसगाड्या

आता याच माणसाची दुसरी बाजू बघू. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं होतं. उस्मान अलींच्या काळात तिथे उस्मान सागर बांधला गेला, शहर नव्याने वसवलं गेलं, उस्मानिया दवाखाना आणि हायकोर्टाची इमारत उभी राहिली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं. डॉक्टरीपासून कायद्यापर्यंतचं शिक्षण तिथे उर्दूतून मिळू लागलं. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं गळून पडत होती, तेव्हा रियासतीने इटलीहून जाणकार बोलावून ती सावरली.

आणि १९३२ मध्ये रियासतीच्या रेल्वेने एक मोटार खातं काढलं. सुरुवात २७ बसगाड्या आणि १६६ नोकरांनिशी झाली. देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांमध्ये तिची गणना होते. या गाड्यांना ना घुमट होता ना रेशीम. लाकडी बाकं, टपावर गाठोडी, आत कोंबून बसलेली माणसं. हैदराबादच्या सरकारी बसच्या नंबरात झेड हे अक्षर असायचं. हुजुरांनी आपल्या वालिदा जेहरा बेगम यांच्या नावासाठी ते घ्यायला लावलं, असं तिकडे सांगतात. आईवर त्यांचा फार जीव होता, एवढं मात्र नक्की.

आमच्या बीडसारख्या जिल्ह्याला या बसचं मोल जास्त. निजामाच्या काळात मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून रेल्वे गेली. पुढे परळी वैजनाथलाही रूळ आले. पण बीड शहर बाजूलाच राहिलं. बीडला रेल्वे यायला २०२५ साल उजाडावं लागलं. तोवर बीडकरांचं सगळं येणं-जाणं सडकेवरच. खुद्द हुजुरांच्या रियासतीने आणि तिच्यानंतर आलेल्या सरकारांनीही बीडला रुळासाठी किती ताटकळत ठेवलं, हा हिशेबही यात धरला पाहिजे.

शेवटची वर्षं

१९४७ नंतरच्या निर्णयांत हुजूर कमी पडले. रझाकारांना त्यांनी वेळीच आवरलं नाही आणि त्यांच्या जुलमाची झळ गावोगावच्या गोरगरिबांना बसली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत रियासत संपली. त्यानंतर सूडाच्या आगीत बेकसूर मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार जीव गेल्याचा अंदाज दिला होता. दोन्ही जखमा खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवू नये.

हुजूर स्वतः हैदराबादेतच राहिले. १९५० ते १९५६ ते राज्याचे राजप्रमुख होते. १९६५ च्या लढाईच्या वेळी त्यांनी पाच टन सोनं दान दिलं, हा आणखी एक आवडता मेसेज. अशा दानाची नोंद सरकारकडे सापडलेली नाही. सरकारच्या सुवर्ण रोख्यांत त्यांनी सुमारे ४२५ किलो सोनं व्याजावर गुंतवलं, ही नोंद आहे. तीही काही लहान गोष्ट नाही. मग खऱ्याला फुगवायची गरज काय?

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी किंग कोठीत त्यांचा इंतकाल झाला. जनाजाला अफाट गर्दी लोटली. समोरच्याच मस्जिद-ए-जूदीत, आईच्या कबरीजवळ त्यांना दफन केलं. वारस होते नातू मुकर्रम जाह. त्यांना स्वतःला इंजिनं उघडून दुरुस्त करायची भारी आवड. त्यांच्या हाती जे गॅरेज आलं, त्याची हकीकत इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. गाड्या साठ, त्यांतल्या चालू फक्त चार. पेट्रोल आणि सुट्या भागांचा खर्च मात्र दर वर्षी चालूच होता. गादीनशिनीच्या दिवशी नव्या निजामांना घेऊन जाणारी गाडीसुद्धा वाटेत बंद पडली.

ती पिवळी रोल्स-रॉईस पुढे दुरुस्त झाली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती आज पाहायला मिळते. मुलाबाळांना घेऊन गेलात तर जरूर दाखवा. कारागिरी बघण्यासारखीच आहे, आणि बार्करच्या त्या हातांना दाद द्यायलाच हवी. पण सोबत त्यांना त्या सत्तावीस बसगाड्यांबद्दलही सांगा. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला तेव्हा इथली बससेवाही वेगळी झाली, आणि १९६१ मध्ये ती महाराष्ट्राच्या एसटीत मिळाली. बीडच्या स्टँडवर आज जी लाल गाडी लागते, तिचं एक मूळ तिथे आहे.

आपल्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच चालतं. कपाटात ठेवून दिलेला जेवणाचा सेट, वर्षातून दोनदा बाहेर निघणारी गाडी, पाहुण्यांसाठी बंद ठेवलेली खोली. हौस करू नये असं आम्ही म्हणत नाही. हलाल कमाईची हौस प्रत्येकाला असावी. फक्त जगातल्या सर्वांत श्रीमंत म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या साठ गाड्यांपैकी छप्पन्न जागच्या जागी गंजल्या, आणि परक्या माणसांना बसवून घेणारी गाडी अजून धावते आहे, हे ध्यानात ठेवावं. अल्लाह मरहूम हुजुरांच्या चुका माफ करो, आणि जे लोकांच्या कामी आलं त्याचा सवाब त्यांना पोहोचवो.