विश्लेषण : बांधकाम मजुराच्या किमान वेतनाशी डॉ. आंबेडकरांचा संबंध काय?

सकाळी नाक्यावर उभ्या असलेल्या बिगाऱ्याला मुकादम मजुरी ठरवून साइटवर नेतो. ती मजुरी बुडाली, तर जबाबदार कोण? मुकादम, कंत्राटदार की ज्याचे बांधकाम आहे तो? बांधकाम क्षेत्रातील कामगार कायदे याच प्रश्नाभोवती फिरतात. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यातील कमी चर्चिल्या गेलेल्या चार वर्षांपर्यंत जातो.

बालपण आणि दुष्काळी काम

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे रोखपाल म्हणून काम करत होते. दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला घेतला होता. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांची जात कळताच मसूर स्थानकाबाहेर गाडीवानाने गाडी हाकायला नकार दिला. दुप्पट भाडे मोजून मुलांनी स्वतःच बैलगाडी हाकली. ही घटना अनेकांना ठाऊक असते. ती खोदकामाच्या मजुरी वाटणाऱ्या रोखपालाकडे जाताना घडली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

कामगार चळवळीत प्रवेश कसा?

न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून परतल्यावर, १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाच्या नाममात्र मोबदल्यात महारांना सरकारी कामासाठी कधीही राबावे लागे. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या विधेयकाविरोधात ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यात ते कम्युनिस्टांसोबत होते.

मजूरमंत्री म्हणून काय केले?

जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजे आजच्या भाषेत केंद्रीय मंत्री होते. गंमत अशी की केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागही तेव्हा याच खात्याखाली होता. एकाच टेबलावर सरकारी कंत्राटांचा कारभार आणि कामगारांचे कायदे!

समाजमाध्यमांवर आठ तासांच्या कामाचे सगळे श्रेय त्यांना दिले जाते. नेमके सांगायचे तर १९३४च्या कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी असलेली आठवड्याची ५४ तासांची मर्यादा १९४६च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आली. ही दुरुस्ती त्यांच्या खात्याची. पण ती कारखान्यांपुरती होती. इमारतीची साइट म्हणजे कारखाना नव्हे. काम संपले की जागा बदलते, माणसेही बदलतात. हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि गावाहून निघतानाच घेतलेली उचल मजुरीतून वळती होते. संघटना नाही, त्यामुळे घासाघीस करायलाही कोणी नाही.

अशा कामगारांसाठी वेगळा मार्ग हवा होता. ११ एप्रिल १९४६ रोजी आंबेडकरांनी केंद्रीय कायदेमंडळात किमान वेतन विधेयक मांडले. असंघटित कामांची यादी करायची आणि त्या कामांसाठी मजुरीचा किमान दर सरकारने ठरवायचा, असा त्याचा गाभा. काही महिन्यांत त्यांनी पद सोडले. कायदा १९४८ मध्ये, जगजीवन राम मजूरमंत्री असताना झाला. त्याच्या अनुसूचीत रस्ते व इमारत बांधकाम आणि खडी फोडण्याचे काम स्पष्टपणे नोंदलेले होते.

राज्यघटनेतले कोणते कलम?

मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर होते, पण कलम २३ला अनेकांचे हात लागले. हे कलम वेठबिगारी आणि सक्तीच्या श्रमाला मनाई करते आणि ती मनाई खासगी मालकालाही लागू होते. बांधकामावरच्या अकुशल मजुराला मराठीत आजही बिगारीच म्हणतात.

६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे दिल्लीत निधन झाले. त्यानंतर २६ वर्षांनी त्याच शहरात किमान वेतन आणि कलम २३ एकत्र आले. १९८२च्या एशियाडसाठी स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांचे किमान वेतन होते दिवसाला ९ रुपये २५ पैसे. जमादार त्यातला एक रुपया आपले कमिशन म्हणून कापून घेत. सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. एन. भगवती यांच्या निकालाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम. मजूर कंत्राटदाराचे आहेत, एवढे सांगून सरकारी यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत, हेही त्यात स्पष्ट झाले. बांधकाम हे धोकादायक काम असल्याने कलम २४नुसार १४ वर्षांखालील मुलांना तेथे ठेवता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

आज स्थिती काय?

१९४८चा कायदा २०१९च्या वेतन संहितेत सामावला गेला. त्याआधी, १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकाम खर्चावरील उपकरातून कल्याणकारी मंडळे उभी राहिली. मंडळाकडे नोंदणीसाठी मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. आज या साइटवर आणि उद्या त्या साइटवर असलेल्या बिगाऱ्यासाठी त्यावर सही करणारा कंत्राटदार शोधणे हेच पहिले काम ठरते.