ताकदीचे मोल

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे आणि समोरच्यांनी धावणाऱ्याला अंगावर झेप घेऊन लोळवायचे, असा हा रांगडा खेळ. बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहून येणाऱ्याला अडवतो तो लाइनबॅकर. ब्रॉन्को नागुर्स्की बचावात ही जागा सांभाळी आणि चढाईच्या वेळी तोच फुलबॅक होऊन प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडी. त्या काळी खेळाडूंना दोन्ही कामे करावी लागत.

युक्रेनमधून आलेल्या आईबापांच्या पोटी 3 नोव्हेंबर 1908 रोजी कॅनडातील रेनी रिव्हर येथे त्याचा जन्म झाला. तो वाढला नदीपलीकडच्या अमेरिकेतल्या इंटरनॅशनल फॉल्स गावी. शेतात नांगरणाऱ्या या पोराला एका प्रशिक्षकाने वाट विचारली, तेव्हा त्याने नांगरच उचलून दिशा दाखवली, अशी दंतकथा पुढे पसरली. कथा रचलेली, पण ती खरी वाटावी अशी त्याची ताकद होती.

मिनेसोटा विद्यापीठ गाजवून 1930 मध्ये तो शिकागो बेअर्स संघात आला. वर्षाला 5000 डॉलर ठरले. पण मंदीच्या झळीत तेही घटत गेले. 1932 चा निर्णायक सामना कडाक्याच्या थंडीमुळे बंदिस्त सभागृहात, जेमतेम 80 यार्डांच्या मैदानावर झाला. नागुर्स्की धावणार असे वाटत असतानाच त्याने चेंडू रेड ग्रेंजकडे फेकला आणि बेअर्सने 9-0 असा विजय मिळवला. फेक पाच यार्ड मागून झालीच नाही, अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी ही पाच यार्डांची अट रद्द झाली. आजच्या खेळातील मुक्त फेकींची वाट तिथून मोकळी झाली.

कीर्ती वाढली, पगार मात्र वाढेना. 1937 च्या मोसमानंतर पैशावरून मालकाशी बिनसले आणि त्याने संघ सोडला. व्यावसायिक कुस्तीत जास्त मिळकत होती. त्याच वर्षी त्याने तिथले जागतिक अजिंक्यपदही मिळवले होते. 1943 मध्ये तरुण खेळाडू युद्धावर गेले, तेव्हा पस्तिशीच्या नागुर्स्कीला संघाने परत बोलावले. तो आला, बेअर्सने वॉशिंग्टनला 41-21 असे हरवून अजिंक्यपद जिंकले आणि तो कायमचा निवृत्त झाला.

पुढे त्याने आपल्याच गावी पेट्रोल पंप चालवला. 1963 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिदालनात पहिल्याच तुकडीत त्याची निवड झाली. 7 जानेवारी 1990 रोजी तो गेला. 1993 पासून महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम बचावपटूला त्याच्या नावाचा करंडक दिला जातो. ज्या खेळाला पस्तिशीतही त्याची गरज भासली, त्याच खेळाने ऐन उमेदीत त्याच्या घामाची किंमत करताना हात आखडला होता. करंडकावर त्याचे नाव कोरताना हेही आठवायला हवे.